मानेतली नळी आणि तिच्या शेजारच्या नसा

आजचा विषय थोडा वेगळा आहे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड हे आपले नेहमीचे विषय. आज आयसीयूमधल्या एका रोजच्या कामाबद्दल बोलायचं आहे. 'पेशंटच्या मानेत नळी टाकावी लागेल, इथे सही करा,' हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. घाईघाईत सहीही केली असेल. त्या नळीचे बहुतेक धोके डॉक्टर सांगतात: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फुप्फुसाला छिद्र. एक धोका मात्र सहसा सांगितला जात नाही. तो म्हणजे मानेतल्या मज्जातंतूंना होणारी इजा. 'फार दुर्मिळ आहे, उगाच कशाला घाबरवायचं,' हे त्यामागचं कारण. हे कारण मला आता पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

काही महिन्यांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, प्राथमिक शाळेत शिकवतात. मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग रक्तात पसरून त्यांचा रक्तदाब खूप खाली गेला होता. एका रुग्णालयात सहा दिवस आयसीयूत होत्या. उपचार उत्तम झाले आणि जीव वाचला. घरी येऊन तीन आठवडे झाले तरी आवाज बसलेलाच होता. पाणी पिताना ठसका लागायचा. घरचे म्हणायचे, "अशक्तपणा आहे, येईल आवाज." त्यांनी हळद-दूध, ज्येष्ठमध, गुळण्या सगळं करून पाहिलं होतं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा आवाज घशातल्या नळीमुळे काही दिवस बसतो, हे आम्हाला माहीत असतं. पण बाईंना व्हेंटिलेटर लागलाच नव्हता. मानेच्या उजव्या बाजूला टाक्याचे दोन बारीक व्रण मात्र दिसत होते. मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. दुर्बिणीतून पाहिल्यावर उजवा स्वरतंतू हलत नव्हता. दुसरं काही कारण नाही ना, हे पाहण्यासाठी मान आणि छातीचा सीटी स्कॅन केला. तो स्वच्छ होता. नळीच्या वेळी तिथल्या मज्जातंतूला इजा झाली असावी, एवढंच कारण उरलं.

हे समजावून सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, जीव वाचला त्याबद्दल तक्रार नाही. पण असं होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं का नाही? मी तीन आठवडे समजत होते की मला घशाचा कॅन्सर झालाय."

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे.

आधी 'नस' म्हणजे काय ते ठरवू

आपल्या बोलण्यात 'नस' आणि 'शीर' हे शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात. 'सलाइनसाठी नस सापडत नाही' म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. 'कमरेत नस दबली' म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो. रक्तवाहिनी ही रक्त वाहून नेणारी नळी. मज्जातंतू म्हणजे मेंदूचे आदेश आणि शरीराच्या संवेदना नेणारी तार. 'मानेच्या नसेत नळी टाकली आणि नस दुखावली,' या एकाच वाक्यात पहिली नस वेगळी आणि दुसरी वेगळी. नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यातले निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात. म्हणून या लेखात रक्तवाहिनीला शीर म्हणू आणि दुसऱ्या नसेला मज्जातंतू.

मानेतच नळी का?

हातातल्या शिरेतून साधं सलाइन आणि बरीचशी औषधं देता येतात. पण काही औषधं फार जहाल असतात. रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनलिन लहान शिरेतून बाहेर झिरपलं, तर तिथली कातडी काळी पडू शकते. तीव्र पोटॅशियम, शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण, काही केमोथेरपीची औषधं यांनाही मोठी शीर लागते. तातडीच्या डायलिसिसला तर मिनिटाला दोन-तीनशे मिलिलिटर रक्त बाहेर काढून परत द्यावं लागतं. हातातल्या बारीक सुईचं हे काम नाही.

मानेत दोन्ही बाजूंना इंटर्नल जुग्युलर नावाची मोठी शीर असते. उजव्या बाजूची शीर जवळजवळ सरळ रेषेत हृदयाकडे उतरते, म्हणून तिला पहिली पसंती. कॉलरबोनच्या खालची आणि जांघेतली हे आणखी दोन मार्ग आहेत. त्यांचे फायदे-तोटे वेगळे.

या तंत्राचा इतिहास रंजक आहे. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून ती तिथे पोहोचल्याचं दाखवलं. १९५६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. १९५३ मध्ये स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश रेडिओलॉजिस्टने आज आपण वापरतो ती पद्धत सांगितली: आधी सुई, सुईतून लवचीक तार, सुई काढायची आणि तारेवरून नळी सरकवायची. तार आत गेली की पुढचं काम सोपं असतं. धोका मुख्यतः सुई शीर शोधत असते तेव्हाचा.

शिरेच्या शेजारी कोण राहतं?

मुंबईची चाळ डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत खिळा ठोकला तर शेजारच्या भिंतीवरचं भांडं पडतं. मानेची रचना अशीच दाटीवाटीची आहे.

जुग्युलर शीर, मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आणि व्हेगस मज्जातंतू हे तिघं एकाच आवरणात असतात. व्हेगसचीच एक फांदी खाली छातीच्या दिशेने जाऊन, वळसा घेऊन परत वर येते आणि स्वरयंत्र हलवते. म्हणून मानेत व्हेगस किंवा त्याची ही फांदी दुखावली की त्या बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो. आवाज घोगरा, हवा निसटल्यासारखा होतो. गिळताना स्वरयंत्र नीट बंद होत नाही, त्यामुळे पाण्याचा ठसका लागतो. ठसक्यातून पाणी किंवा अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियाही होऊ शकतो.

या आवरणाच्या मागे सिम्पथेटिक साखळी असते. ती दुखावली की त्या बाजूची पापणी किंचित खाली येते, बाहुली लहान होते आणि चेहऱ्याच्या त्या भागाला घाम कमी येतो. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. १८६९ मध्ये स्विस नेत्रतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी त्याचं वर्णन केलं. पापणी पूर्ण मिटत नाही, एक-दोन मिलिमीटरच उतरते. दृष्टी जात नाही. त्यामुळे 'झोप झाली नाही' म्हणून ते सहज डोळ्याआड होतं.

आणखी मागे, मानेच्या एका स्नायूवर फ्रेनिक मज्जातंतू असतो. छाती आणि पोट यांच्यामधला डायफ्रॅम, म्हणजे श्वासपटल, तो हलवतो. तो बंद पडला की त्या बाजूचं श्वासपटल वर सरकून बसतं. फुप्फुसं निरोगी असतील तर रुग्णाला काही जाणवणारही नाही. पण आधीच दमा, सीओपीडी किंवा न्यूमोनिया असेल तर आडवं झाल्यावर धाप लागते. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असेल, तर सगळं सुधारूनही तो मशीनवरून का सुटत नाही, हे डॉक्टरांना कळत नाही. हा मज्जातंतू नुसता डिवचला गेला तर न थांबणारी उचकीही लागू शकते.

त्याच भागातून, थोडं बाहेरच्या बाजूने, हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं उतरतं. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. सुई तिथे लागली तर खांद्यापासून बोटांपर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते. शुद्धीवर असलेला रुग्ण ओरडतो आणि डॉक्टर सुई मागे घेतो. ही ओरड रुग्णाचं रक्षण करते. झोपेचं औषध दिलेला रुग्ण ओरडू शकत नाही. नंतर हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा कमजोरी जाणवते.

मानेच्या बाजूने खांद्याच्या स्नायूकडे जाणारा ॲक्सेसरी मज्जातंतूही आहे. तो दुखावला तर खांदा खाली झुकतो. केस विंचरायला किंवा फळीवरचा डबा काढायला हात वर नेणं कठीण होतं. बाकीच्यांच्या तुलनेत ही इजा आणखी कमी दिसते.

इजा होते कशी?

सुईचं टोक थेट लागणं हे एक कारण. पण ते एकमेव नाही. शिरेऐवजी धमनीला छिद्र पडून रक्ताची गाठ तयार होते आणि ती शेजारच्या मज्जातंतूवर दाब देते. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ही शक्यता वाढते. कधी नळी शिरेबाहेर जाते आणि जहाल औषध आजूबाजूला झिरपतं. धमनीच्या भिंतीला चीर पडली तरीही हॉर्नर सिंड्रोम दिसू शकतो. हे कारण गंभीर आहे, कारण त्यातून पक्षाघाताचा धोका असतो.

एक निरुपद्रवी कारणही आहे. कातडी बधिर करायला दिलेलं लिग्नोकेन आत पसरून मज्जातंतू तात्पुरते झोपवतं. पापणी उतरते, आवाज बदलतो, पण काही तासांत सगळं पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर दोष भुलीच्या औषधाला देता येणार नाही.

आता बरं होण्याबद्दल. मज्जातंतू नुसता दबला किंवा चेचला गेला असेल तर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत तो सुधारतो. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. त्यामुळे लांबच्या स्नायूपर्यंत पोहोचायला बरेच महिने जातात. मज्जातंतू पूर्ण कापला गेला तर तो आपोआप जुळत नाही. सुईने असं होणं अगदी विरळ. म्हणजे बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत उत्तर 'धीर धरा आणि लक्ष ठेवा' हेच असतं. पण कशाची वाट पाहतो आहोत, हे रुग्णाला माहीत असायला हवं.

दुर्मिळ म्हणजे नेमकं किती?

या इजांबद्दलची बहुतेक माहिती एकेका रुग्णाच्या नोंदींतून जमलेली आहे. कुठल्या तरी डॉक्टरच्या लक्षात आलं, त्याने लिहून ठेवलं. ज्यांच्या लक्षात आलं नाही ते रुग्ण कुठल्याच नोंदीत नाहीत. आयसीयूतला रुग्ण गुंगीत असतो, घशात नळी असते, डोळे मिटलेले असतात. आवाज बसला तर दोष व्हेंटिलेटरच्या नळीला, हात कमजोर झाला तर दोष लांबलेल्या आजाराला, पापणी उतरली तर दोष थकव्याला. शोधलंच नाही तर सापडणार कसं? ही इजा दुर्मिळ आहे हे खरं. पण आपण समजतो तेवढी दुर्मिळ नसावी, असं माझं मत आहे.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. नव्वदीच्या दशकात मी रेसिडेंट डॉक्टर असताना गंभीर मलेरियाचा एक रुग्ण आला. वय तिशीतलं, मूत्रपिंडं बंद पडत चाललेली, प्लेटलेट कमी. मानेत नळी टाकायची होती. तेव्हा आमच्या वॉर्डात सोनोग्राफी नव्हती. बोटांनी धमनीचे ठोके चाचपायचे आणि अंदाजाने सुई घालायची. मी चार वेळा सुई घातली. एकदा धमनीतलं लालभडक रक्त आलं. पाच मिनिटं दाबून धरलं आणि पुन्हा सुरुवात केली. पाचव्या वेळी नळी बसली आणि मी खूश झालो.

संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "सर, याचा उजवा डोळा बारीक दिसतोय." मी लांबूनच बघितलं आणि म्हणालो, "झोपेत आहे तो, सिस्टर." दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनेही तेच विचारलं. तिलाही मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी राउंडला आमच्या सरांनी खिडकीचा पडदा ओढायला लावला, अंधारात दोन्ही बाहुल्यांवर टॉर्च मारला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "लाइन कोणत्या बाजूला टाकलीस?"

मानेत रक्ताची गाठ होती. ती हळूहळू विरली. घरी जाताना पापणी थोडी वर आली होती. पुढे तो तपासणीला आला नाही, त्यामुळे ती पूर्ण बरी झाली का, हे मला सांगता येणार नाही. माझी सुई चुकली याचं मला फार वाईट वाटत नाही, सुया चुकतात. सिस्टरांनी आणि बायकोने दाखवूनही मी जवळ जाऊन पाहिलं नाही, याचं वाईट वाटतं. त्या दोघींना जे दिसलं ते खरं होतं.

मग काय बदलायला हवं?

पहिली गोष्ट, गरज नसेल तर नळी नको. रक्तदाब वाढवणारं औषध सुरुवातीचे काही तास कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून देता येतं. नळीसाठी थांबून उशीर करण्यापेक्षा ते बरं, असं सेप्सिसबद्दलच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. नळी टाकली तर 'आज ती अजून लागते आहे का?' हे रोज विचारायला हवं.

डायलिसिसच्या रुग्णांसाठी हे जास्त महत्त्वाचं. किडनीचा आजार वाढतो आहे हे कळूनही अनेक जण फिस्टुलाची छोटी शस्त्रक्रिया 'बघू, अजून बरं वाटतंय' म्हणत पुढे ढकलतात. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. मग एका रात्री धाप लागते आणि मानेत नळी टाकण्यावाचून इलाज उरत नाही. तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनी फिस्टुलाचा विषय काढला असेल तर तो टाळू नका.

दुसरी गोष्ट, सोनोग्राफी. पडद्यावर शीर आणि धमनी बघत सुई घातली की धमनीला छिद्र पडण्याचं प्रमाण आणि सुया टोचण्याची संख्या दोन्ही कमी होतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००२ मध्येच मानेतल्या नळीसाठी सोनोग्राफीची शिफारस केली होती. सोनोग्राफी म्हणजे जादू नव्हे. सुईचं टोक पडद्यावर दिसत नसेल, फक्त मधला भाग दिसत असेल, तर टोक शिरेच्या मागच्या भिंतीतून आरपार जाऊ शकतं. शिकावं लागतं, हात बसावा लागतो. तरीही अंदाजापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

आपल्याकडे यात एक अडचण आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि हलवता येणारी यंत्रं कुठे वापरायची यावर कडक बंधनं आहेत. कायदा हवाच. १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा असा कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, याचा मला अभिमान आहे. पण कागदपत्रांच्या धास्तीने लहान रुग्णालयं आयसीयूसाठी यंत्रच घेत नाहीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. कायदा सैल करा असं मी म्हणत नाही. आयसीयूच्या यंत्रांची नोंदणी सोपी आणि जलद व्हावी, एवढीच मागणी आहे. आणि रुग्णालयांनीही 'कायदा आडवा येतो' ही सबब कायम पुढे करू नये. नोंदणी करून यंत्र वापरणारी रुग्णालयं आहेतच.

तिसरी गोष्ट, हट्ट नको. तीन किंवा त्याहून जास्त वेळा सुई घातली तर यांत्रिक गुंतागुंतीचं प्रमाण एका प्रयत्नाच्या तुलनेत सहापट होतं, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. दोन प्रयत्न फसले की दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवावं. यात कमीपणा नाही. मला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

चौथी गोष्ट फुकटची आहे. नळी टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर एक मिनिट तपासणी. दोन्ही पापण्या सारख्या आहेत का? दिवे मंद करून बाहुल्या सारख्या आहेत का? बोलू शकत असेल तर आवाज कसा आहे? दोन्ही हातांची पकड सारखी आहे का? नळीनंतर एक्स-रे काढतोच. तो बघताना नळीचं टोक आणि फुप्फुस याबरोबर श्वासपटलाची उंची आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहावी. हे सगळं दोन ओळींत कागदावर लिहावं. आधीची नोंद नसेल तर नंतर दिसलेला फरक जुना की नवा, हे कुणीच सांगू शकत नाही.

सांगायचं की नाही?

आता मुख्य मुद्दा. माझे अनेक सहकारी म्हणतात, "नातेवाईक आधीच पाचावर धारण बसलेले असतात. त्यात ही यादी वाचली तर ते नळीलाच नाही म्हणतील आणि पेशंट जाईल." हा आक्षेप पोकळ नाही. समीरा कोहली खटल्याच्या २००८ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं आहे, की रुग्णाला पुरेशी माहिती दिलीच पाहिजे, पण घाबरून त्याने आवश्यक उपचार नाकारावेत असे दूरान्वयाचे धोके सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मॉन्टगोमेरी निकालात वेगळा निकष लावला: त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगायला हवा. नुसती टक्केवारी पाहून ठरवायचं नाही.

मला दुसरा निकष जास्त माणुसकीचा वाटतो. शिक्षिका, वकील, कीर्तनकार यांच्यासाठी आवाज म्हणजे पोटापाण्याचं साधन. शिंप्यासाठी हाताची बोटं. आधीच दम्याने बेजार झालेल्या आजोबांसाठी अर्धं श्वासपटल म्हणजे अर्धा श्वास. धोका तोच, पण प्रत्येकासाठी त्याचं वजन वेगळं.

हृदय बंद पडत असताना कुणी यादी वाचत बसणार नाही, वाचूही नये. तिथे आधी जीव. पण बऱ्याच वेळा हाताशी दहा-पंधरा मिनिटं असतात. तेव्हा सांगायला किती वेळ लागतो? मी आता असं सांगतो: "तुमच्या वडिलांचा रक्तदाब टिकवायला मानेतल्या मोठ्या शिरेत नळी टाकायला हवी. ती न टाकण्याचा धोका टाकण्यापेक्षा बराच मोठा आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फुप्फुसाला छिद्र असे त्रास काही जणांना होतात आणि त्यावर उपचार आमच्याकडे आहेत. फार क्वचित शेजारच्या मज्जातंतूला इजा होऊन पापणी, आवाज, हात किंवा श्वास यांत फरक पडतो, बहुतेकदा तो सुधारतो. असं काही दिसलं तर लगेच आम्हाला सांगा." याला एक मिनिटही लागत नाही. हे ऐकून नळी नाकारणारं एकही कुटुंब मला अजून भेटलेलं नाही.

नंतर सांगणं तर त्याहून महत्त्वाचं. नळीनंतर पापणी उतरली तर ते नातेवाईकांना त्याच दिवशी सांगा आणि डिस्चार्ज कार्डावर लिहा. हल्लीच्या वातावरणात, मारहाणीच्या बातम्या वाचत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना याची भीती वाटते, हे मी समजू शकतो. पण लोक गुंतागुंत समजून घेतात, लपवाछपवी समजून घेत नाहीत. बाईंच्या कार्डावर नळी टाकल्याचासुद्धा उल्लेख नव्हता. एक ओळ असती तर त्यांचे तीन आठवडे कॅन्सरच्या भीतीत गेले नसते.

तुम्ही काय करू शकता?

आयसीयूत भेटायला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात रुग्णाचा चेहरा नीट बघा. तो चेहरा डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. एक डोळा लहान वाटला तर मोबाइलमधला जुना फोटो काढून ताडून पाहा आणि डॉक्टरांनाही दाखवा. काही जणांची एक पापणी जन्मापासूनच खाली असते, ते फोटोत लगेच कळतं.

नळी टाकताना रुग्ण शुद्धीवर असेल आणि हातात झटका किंवा कळ गेली, तर लगेच बोलायचं, सहन करत राहायचं नाही. मान हलवायची नाही, फक्त तोंडाने सांगायचं.

पुढील गोष्टींसाठी थांबू नका, लगेच सांगा: मानेवर वाढत जाणारी सूज, श्वास कोंडणं, हाताची वाढत जाणारी कमजोरी, पापणी उतरण्यासोबत मान किंवा डोकं दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. रक्ताची गाठ वाढत असेल किंवा धमनीला इजा असेल तर तासांचा हिशोब असतो.

घरी आल्यावर आवाज दोन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्या. पाण्याचा ठसका लागत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर छातीचा एक्स-रे आणि श्वासपटलाची सोनोग्राफी लागते. हात किंवा खांदा कमजोर असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मज्जातंतूंची विद्युत तपासणी अगदी पहिल्या दिवसांत फारसं सांगत नाही, साधारण तीन आठवड्यांनी जास्त माहिती देते. पण सांधा आखडू नये म्हणून फिजिओथेरपी लगेच सुरू करायची. आवाजासाठी स्पीच थेरपीचा चांगला उपयोग होतो. स्वरतंतू सुधारला नाही तर इंजेक्शन किंवा छोट्या शस्त्रक्रियेने आवाज आणि गिळणं सुधारता येतं.

आणि कृपा करून हे वाचून मानेतल्या नळीला नाही म्हणू नका. या नळीने वाचलेली माणसं मी माझ्या आयुष्यात खूप पाहिली आहेत. बाई त्यातल्याच एक. नळी टाकायची का नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आग्रह ती बघून टाकण्याचा, टाकल्यावर रुग्णाकडे बघण्याचा आणि जे दिसेल ते सांगण्याचा आहे.

बाईंचा आवाज पाचव्या महिन्यात बराचसा परत आला. वरच्या पट्टीत अजून फाटतो. मधल्या काळात शाळेने त्यांना गळ्यात अडकवायचा छोटा माइक घेऊन दिला होता. मागच्या आठवड्यात बीपी तपासायला आल्या तेव्हा सांगत होत्या, वर्गातल्या मुलांना तो माइक इतका आवडला आहे, की आता गरज नसली तरी रोज लावावा लागतो.